अपघातानंतरचे केसपेपर

जखमीला घेऊन आलेले नातेवाईक पुष्कळदा म्हणतात, "डॉक्टर, पोलिसांची भानगड नको, नुसती मलमपट्टी करा." मी ऐकत नाही. मोटार अपघातातील जखमीची 'एमएलसी' नोंद झालीच पाहिजे. पुढे नुकसानभरपाईचा दावा बराचसा तिच्यावरच उभा राहतो.

जखम कशी झाली, हे नीट सांगा. 'पडला' एवढेच म्हणालात तर केसपेपरवर तेच उतरते आणि विमा कंपनीचा वकील नेमके त्यावरच बोट ठेवतो. डोक्याला मार लागून दुसऱ्या दिवशी उलट्या किंवा गुंगी आली तर लगेच परत या. मेंदूत रक्तस्राव असू शकतो. तिथे दाव्याचा विचार नंतर. त्या तपासणीचीही नोंद मात्र होते.

एक्स-रे, बिले, डिस्चार्ज कार्ड यांच्या मूळ प्रती जपा. एफआयआर व पंचनाम्याची नक्कल पोलिसांकडून घ्या.

अपंगत्वाच्या टक्क्यांविषयी फार गैरसमज आहे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की शरीराचे अपंगत्व आणि कमाईतील घट एकच नव्हे. डावा हात गेलेला कारकून नोकरी टिकवू शकेल, ड्रायव्हरचा किंवा सुताराचा धंदाच बसतो. म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरला आपले काम तपशिलाने सांगावे. न्यायाधिकरणापुढे साक्षीत त्याला तेच विचारतात.

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तरी प्लास्टर निघेपर्यंत थांबू नका. अर्ज आधी करता येतो.