संतांकडे आम्ही काय मागतो?

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या वर्षी मराठीच्या तासाला सर संतवाङ्मय शिकवीत होते. बोलता बोलता ते थांबले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "काय गं, तुमच्या धर्मात देव एकच ना? मग इतके संत कशाला लागतात? की तिथेही वशिला चालतो?" वर्ग हसला. सरांच्या विचारण्यात खोच नव्हती, पण मला उत्तर देता आले नाही. रोज संध्याकाळी घरी जपमाळ म्हणणारी मी; पण आपण काय म्हणतो याचा विचार मी कधी केलाच नव्हता. त्यानंतर आमच्या धर्मग्रामातील फादरना विचारून, ग्रंथालयातली पुस्तके चाळून आणि मुख्य म्हणजे आईशी वाद घालून मला जे उमगले, ते येथे मांडते आहे.

खरे सांगायचे तर माझीही समजूत सरांसारखीच होती. आम्ही वसईचे वाडीवाले. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. सातबाऱ्याचा उतारा काढायचा असो की रेशनकार्डावर नाव चढवायचे असो, वडील आधी कोणाची तरी ओळख शोधायचे. मोठ्या साहेबाला आपल्यासारख्यांचे ऐकायला सवड नसते, तेव्हा कोणीतरी मध्ये शब्द टाकायला हवा, हे बाळकडू आम्हांला मिळालेले. तेव्हा देव म्हणजे मोठा साहेब आणि संत म्हणजे त्याच्या ओळखीचे लोक, असेच मी धरून चालले होते.

पण हे गणित ख्रिस्ती शिकवणुकीत बसत नाही. आमच्या श्रद्धेप्रमाणे देव मागण्यापूर्वीच जाणतो आणि द्यायला तो नाखूष नसतो. मग संत त्याला नवे काय सांगणार? आणि त्याचे मन कुठून वळवणार? फादरनी मला उलट प्रश्न केला, "परीक्षेच्या वेळी तू शेजारच्या मावशीला प्रार्थना करायला सांगतेस ना? ती काय देव आहे?" संत पौलानेही रोमच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात, माझ्यासाठी प्रार्थना करा, अशी विनवणी केली आहे. म्हणजे एकाने दुसऱ्यासाठी देवाजवळ मागणे ही जुनीच रीत. कॅथॉलिक मंडळी त्यात एकाच गोष्टीची भर घालतात. मरणाने ही शेजारधर्माची दोरी तुटत नाही, असे ती मानतात. जे देवाजवळ पोचले ते आपल्याला विसरलेले नाहीत. उलट आता ते अधिक चांगली प्रार्थना करू शकतात.

याचा नमुना बायबलातच आहे. योहानाच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात, काना गावच्या लग्नाची हकिगत येते. भर लग्नात द्राक्षारस संपला. मारिया येशूला एवढेच सांगते की त्यांच्याजवळ द्राक्षारस उरलेला नाही. काय कर, कसे कर, यातले काहीच नाही. मग चाकरांना सांगते, तो म्हणेल तसे करा. आणि बाजूला होते. दुसऱ्याच्या घरची अडचण आपली समजून योग्य ठिकाणी सांगणे, यालाच आम्ही मध्यस्थी म्हणतो.

आमच्या प्रार्थनांतील क्रियापदे पाहिली म्हणजे फरक चटकन कळतो. (व्याकरणाचा तास अगदीच वाया गेला नाही म्हणायचा!) संतांच्या लांबलचक नामावळीची जी प्रार्थना असते, तिच्यात देवाकडे दया मागितली जाते, संतांकडे मात्र आमच्यासाठी विनंती करा, एवढेच मागणे असते. ग्रीक आणि लॅटिन धर्मपंडितांनी यासाठी दोन निराळे शब्दच योजले. 'लात्रिया' म्हणजे आराधना, ती फक्त देवाची. 'दुलिया' म्हणजे सन्मान, तो संतांचा. इ. स. ७८७ च्या निकाया येथील दुसऱ्या धर्मपरिषदेत मूर्ती आणि चित्रे यांवरून मोठा वाद झाला, तेव्हा आराधना आणि सन्मान यांतली ही रेषा आखून दिली गेली.

सगळ्या ख्रिस्ती लोकांना हे पटत नाही, हेही सांगितले पाहिजे. गंमत अशी की, खुद्द मार्टिन ल्यूथर १५०५ साली वादळात सापडला तेव्हा त्याने संत अॅनाचा धावा केला आणि वाचलो तर संन्यासी होईन असा नवस बोलला. पुढे मात्र त्याच्या अनुयायांनी १५३० च्या आऊग्सबुर्ग येथील कबुलीपत्रात म्हटले की संतांचा आदर्श जरूर ठेवावा, पण त्यांचा धावा करू नये, कारण मध्यस्थ एकच, ख्रिस्त. हा मुद्दा वजनदार आहे. पौलाने तिमथ्याला लिहिलेल्या पत्राचा त्याला आधार आहे. कॅथॉलिकांचे उत्तर असे की त्याच अध्यायाच्या आरंभी पौल सर्वांसाठी प्रार्थना करायला सांगतो. तेव्हा एकमेकांसाठी मागण्याने ख्रिस्ताचे स्थान कमी होत नाही. १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने संतांचा धावा करणे चांगले आणि उपयोगाचे आहे असे ठरवले. सक्तीचे आहे असे मात्र म्हटले नाही. हे मला ठाऊकच नव्हते!

आमच्याकडे मराठीत कोणाला संत म्हणायचे ते लोक ठरवतात. तुकोबांना कोणी प्रमाणपत्र दिले नाही. रोममध्ये त्यासाठी वेगळे खाते आहे. एखाद्याच्या मध्यस्थीने रोगी बरा झाला असे कोणी सांगितले, तर डॉक्टरांचे मंडळ आधी कागदपत्रे तपासते. गोव्यात जन्मलेल्या योसेफ वाझ यांना २०१५ साली आणि मदर तेरेसांना २०१६ साली संत जाहीर करण्यात आले. आमच्या वसईच्या गोन्सालो गार्सियांना तर फार थांबावे लागले. त्यांचा जन्म १५५७ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. जपानात व्यापार केला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाले, दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला आणखी पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारले गेले. संतपद मिळाले १८६२ साली. ज्याला स्वतःला दारातून परत फिरावे लागले, त्याच्याकडे आमची माणसे मोकळेपणाने बोलतात, याचे मला नवल वाटत नाही.

पुस्तकातले असे आणि जत्रेतले वेगळे, हे कबूल. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी वांद्र्याला माउंट मेरीची जत्रा सुरू होते. तेथे मेणाचे हात, पाय, घरे, बाळे विकायला असतात. ज्याचे जे दुखणे ते त्याने वाहावे. हिंदू, पारशी, सगळेच येतात. तेथे 'दुलिया' कोण आणि 'लात्रिया' कोण हे कोणी विचारीत नाही. हरवलेली वस्तू सापडावी म्हणून संत अंतोनींना साकडे घालणारे तर घरोघरी आहेत. अमुक दे, मी तमुक वाहीन, हा सौदाच की! मीही तसेच म्हणत असे.

दोन वर्षांपूर्वी वडील आजारी पडले. आईने संत अंतोनींचे तेरा मंगळवार धरले. वाडीतली फुले पहाटेच्या गाडीने दादरला पोचवून ती संध्याकाळी चर्चमध्ये जायची. अकराव्या मंगळवारानंतर चौथ्या दिवशी वडील गेले. मला वाटले, आता हे संपले. पण पुढच्या मंगळवारी आई पांढऱ्या साडीत चर्चला निघाली. मला राग आला. मी म्हटले, "ज्याने तुझे ऐकले नाही त्याच्याकडे आता कशाला जातेस?"

आई चप्पल घालता घालता म्हणाली, "मी काय त्यांच्याशी दर ठरवला होता? आजवर आपल्यासाठी बोलायला सांगत होते. आता तुझ्या बापासाठी बोला म्हणून सांगायचे आहे. तो तिथे नवा आहे. त्याला कोण ओळखतो?"

सरांच्या प्रश्नाचा विचार करताना मला हे बोलणे आठवले. वशिलाच तो, पण उलटा: ज्याला तिथे कोणी ओळखत नाही त्याच्यासाठी. आमच्या दिनदर्शिकेत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण आणि २ नोव्हेंबर हा मृतांचा दिवस. पहिल्या दिवशी आपल्यासाठी मागायला सांगायचे, दुसऱ्या दिवशी गेलेल्यांसाठी आपण मागायचे. त्या संध्याकाळी आम्ही कबरीवरचे गवत काढतो, झेंडू वाहतो, मेणबत्त्या लावतो. वाऱ्याने त्या विझतात. मग शेजारच्या कबरीवरच्या मेणबत्तीवरून आई आमची पुन्हा पेटवून घेते.