ऑनर्स एक, अर्थ तीन

बारावीचा निकाल लागला की आमच्या संगणकशास्त्र विभागात पालकांची रीघ लागते. गेल्या दोन वर्षांपासून एक प्रश्न हमखास येतो. "सर, तीन वर्षांत डिग्री मिळायची, ती आता चार वर्षांची केली म्हणे. मग आमच्या मुलीचं एक वर्ष फुकट जाणार ना?"

नाही जाणार. चौथं वर्ष सक्तीचं नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांत १२० क्रेडिट पूर्ण केली की बी.एस्सी.ची पदवी घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष करून १६० क्रेडिट झाली, तर ती पदवी ऑनर्स होते. वर्षांचा हिशेबही सरळ आहे. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.एस्सी. दोन वर्षांचं आणि ऑनर्सनंतर एक वर्षाचं, म्हणजे दोन्हीकडून बेरीज पाचच. आपल्या राज्यात स्वायत्त महाविद्यालयांनी ही रचना २०२३-२४ मध्ये घेतली, संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ मध्ये. म्हणजे संलग्न महाविद्यालयांतल्या पहिल्या तुकडीचं चौथं वर्ष २०२७-२८ मध्ये येईल. आपल्याकडे ही वाट अजून कोरी आहे, म्हणूनच ऐकीव माहिती एवढी फिरते.

गोंधळाचं खरं मूळ 'ऑनर्स' या शब्दातच आहे. दिल्ली विद्यापीठात पूर्वी तीन वर्षांच्या पदवीलाच ऑनर्स म्हणत. एका विषयावर भर देऊन केलेलं बी.एस्सी., एवढाच त्याचा अर्थ. इंजिनिअरिंगमध्ये ऑनर्स म्हणजे बी.टेक.च्या नेहमीच्या क्रेडिटांवर त्याच चार वर्षांत घेतलेली १८ ते २० जास्तीची क्रेडिट. तिथे वर्ष वाढत नाही, अभ्यास वाढतो. आणि नव्या धोरणातलं बी.एस्सी. ऑनर्स म्हणजे अख्खं चौथं वर्ष. शेजारचा मुलगा इंजिनिअरिंगला ऑनर्स करतोय म्हणून आपल्या मुलीच्या बी.एस्सी.ची त्याच्याशी तुलना करू नका. शब्द एक असला तरी वस्तू वेगळ्या आहेत.

चौथ्या वर्षातही पुन्हा दोन फाटे आहेत. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण असतील, तर 'ऑनर्स विथ रिसर्च' घेता येतं आणि त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. बाकीच्यांना त्या जागी वरच्या पातळीचे विषय. "पदवीच्या पोरांनी कसलं संशोधन करायचं?" असं शिक्षकसुद्धा म्हणताना मी ऐकलंय. त्यांना मी २००२ सालची आठवण करून देतो. एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे झटपट आणि शंभर टक्के खात्रीने कसं ठरवायचं, हा जुना प्रश्न होता. तोवरच्या वेगवान रीतींमध्ये एकतर संभाव्यतेचा आधार होता, नाहीतर सिद्ध न झालेल्या गृहीतकाचा. तो प्रश्न त्या वर्षी आयआयटी कानपूरमध्ये सुटला. मणिंद्र अगरवाल हे प्राध्यापक आणि त्यांच्यासोबत नीरज कयाल व नितीन सक्सेना. या दोघांचं बी.टेक. त्याच वर्षी झालं होतं आणि कामाची सुरुवात त्यांच्या बी.टेक.च्या प्रकल्पातूनच झाली होती. २००६ मध्ये त्या शोधनिबंधाला गोडेल पुरस्कार मिळाला.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. संगणकशास्त्र म्हणजे कोडिंग, आणि कोडिंग तर सहा महिन्यांच्या क्लासमध्येही येतं, मग पाच वर्षं कशाला? कोडिंग यायलाच हवं, त्यात वाद नाही. पण पुढच्या वर्षांत काय शिकतात ते एका साध्या गुणाकारावर दाखवतो.

४७ गुणिले ३२. शाळेच्या रीतीने चार छोटे गुणाकार करावे लागतात. आता असं करा. ४ × ३ = १२. ७ × २ = १४. मग पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज ११, दुसरीच्या अंकांची ५, त्यांचा गुणाकार ५५. त्यातून १२ आणि १४ वजा केले की उरले २९. आता १२ शतक, २९ दशक, १४ एकक: १२०० + २९० + १४ = १५०४. तीन गुणाकारांत काम झालं. एक गुणाकार वाचला, त्यात काय मोठं, असं वाटेल. पण १०२४ अंकी संख्या घ्या आणि हीच युक्ती प्रत्येक तुकड्याला पुन्हा पुन्हा लावा. शाळेच्या रीतीने १०,४८,५७६ छोटे गुणाकार लागतात, या रीतीने ढोबळमानाने ५९,०४९.

कोल्मोगोरोव्हसारख्या थोर गणितज्ञाचा अंदाज होता की शाळेच्या रीतीहून मुळात वेगवान रीत असूच शकत नाही. १९६० मध्ये मॉस्कोत त्यांनी तो एका चर्चासत्रात मांडला आणि आठवड्याभरात कारात्सुबा या २३ वर्षांच्या विद्यार्थ्याने वरची रीत शोधून तो खोटा ठरवला. पायथॉन आजही मोठ्या संख्यांचा गुणाकार याच रीतीने करतं. क्लासमध्ये गुणाकाराची ओळ लिहायला शिकवतात. त्या ओळीच्या पोटात काय चालतं, ते याहून लवकर होईल का, आणि होणार नसेल तर ते सिद्ध कसं करायचं, हे ऑनर्स आणि एम.एस्सी.चं शिक्षण. माझ्या मते ज्याला हा प्रश्न पडतो त्याने पुढे शिकावं. ज्याला पडत नाही त्याने तीन वर्षांनी खुशाल नोकरी धरावी, त्यात काहीही कमीपणा नाही.

"एम.एस्सी., एम.सी.ए. केलं की एम.टेक.चं दार बंद," हेही खोटं. एम.टेक.च्या प्रवेशासाठी लागणाऱ्या गेट परीक्षेचा संगणकशास्त्राचा पेपर या विद्यार्थ्यांना देता येतो, पदवीच्या तिसऱ्या वर्षात असतानाही देता येतो आणि त्याचा स्कोअर तीन वर्षं चालतो. बी.ई. नसलेल्यांना घेणाऱ्या संस्था कोणत्या, एवढं प्रवेशपुस्तिकेत पाहून घ्यावं. आणि एम.सी.ए. २०२०-२१ पासून दोनच वर्षांचं आहे. तीन वर्षं धरून अजून हिशेब करणारे बरेच भेटतात.

पीएच.डी.बद्दल घरोघरी काळजी असते ती पैशांची. यूजीसी नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळालेल्यांना जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहेत, शिवाय नियमाप्रमाणे घरभाडं. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर एम.एस्सी. न करताही पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. अमेरिकेचा विचार करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. तिथे एम.एस.चा खर्च बहुधा स्वतःचा असतो. पीएच.डी.ला मात्र फी माफ होऊन वर विद्यावेतन मिळतं, आणि बऱ्याच विद्यापीठांत त्यासाठी आधी एम.एस. लागत नाही. घर गहाण ठेवून कर्ज काढण्याआधी हे माहीत असायला हवं.

चौथ्या वर्षाचा अर्ज भरण्यापूर्वी एक करा. विभागात जा आणि विचारा की प्रकल्पाला मार्गदर्शक कोण असणार, त्यांनी स्वतः कशावर काम केलंय, एका मार्गदर्शकाकडे किती मुलं असणार. आणि ग्रंथालयातून जुना एखादा एम.एस्सी.चा प्रकल्प-अहवाल मागून घ्या, बसून वाचा. उत्तरं गोलमोल आली, तर तीन वर्षांची पदवी घ्या आणि एम.एस्सी. दुसरीकडे करा.