पिशवी तिची, तर निर्णयही तिचाच

मैत्रिणींनो, चुलीपाशी आपण ज्यावर कुजबुजतो, पण गटाच्या बैठकीत जे कधी काढत नाही, त्यावर आज बोलू. अपंग बाईनं आई व्हावं की नाही, हे कोणी ठरवायचं?

आपल्याकडची रीत बघा. धडधाकट सुनेला दोन वर्षांत लेकरू झालं नाही, की आपण तिला वांझ म्हणून मोकळ्या होतो. आणि पायानं अधू असलेल्या पोरीला म्हणतो, "तिचं तिलाच होत नाही, लेकरू काय सांभाळणार?" एकीवर सक्ती, दुसरीला बंदी. विचारत मात्र दोघींनाही कोणी नाही.

मतिमंद मुलीच्या आईला तर सल्ला मिळतो, "पिशवी काढून टाका, पाळीची कटकट जाते." १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींच्या पिशव्या पुण्याच्या ससून रुग्णालयात काढल्या गेल्या. कारण हेच दिलं, की त्यांना पाळीची स्वच्छता जमत नाही. महिला संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. आणि एक लक्षात घ्या. पिशवी काढल्यानं मुलीवरचा अत्याचार टळत नाही. फक्त दिवस जात नाहीत, म्हणून तो उघडा पडत नाही. घडी घालणं आपण लेकीला शंभरदा दाखवून शिकवतो, तसंच पॅड बदलणंही पुष्कळ मुलींना शिकवता येतं.

आता कायदा ऐका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १० सांगतं, की मूल होणं कायमचं बंद करणारा कोणताही उपचार अपंग व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. कलम ९२ प्रमाणे अपंग बाईचा गर्भ तिच्या संमतीशिवाय पाडला, तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे. अपवाद फक्त अति तीव्र अपंगत्वाचा. तिथंही डॉक्टरांचं मत आणि पालकाची संमती, दोन्ही लागतात. त्याआधी २००९ मध्ये चंदीगडच्या एका सज्ञान मतिमंद मुलीचा गर्भ ठेवण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं मान्य केला होता.

"आईचं अपंगत्व लेकरात उतरतं," ही भीतीही सरसकट खरी नाही. पोलिओनं किंवा अपघातानं आलेलं अपंगत्व बाळात उतरत नाही. काही प्रकार आनुवंशिक असतात, ते डॉक्टरांना विचारावं, शेजारणीला नाही.

परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस दिव्यांग मुलं सांभाळली, त्यातल्या मुलींची लग्नंही लावून दिली. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या मुलींचाही संसार होऊ शकतो, हे आपल्याच जिल्ह्यानं पाहिलं आहे.

मग आपण काय करायचं? गावातल्या अपंग सुनेला दिवस गेले, की पहिल्या तीन महिन्यांतच आशाताईंकडे नोंद करायची. चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला असेल, तर मातृवंदना योजनेत तिचा हक्क आहे, पहिल्या बाळाला पाच हजार रुपये. अमरावतीचं डफरीन असो की अकोल्याचं लेडी हार्डिंग, सोबत जायचं, पण प्रश्नाचं उत्तर तिलाच देऊ द्यायचं. ऐकू येत नसेल, तर तिच्या खुणा समजणारं माणूस सोबत न्यायचं. आणि डोहाळजेवणाला तिची ओटी इतर सुनांसारखीच भरायची.

पुढच्या बैठकीत हा विषय नक्की काढा.