एका हौदांत दोन कासवें

कासव म्हणजे गरीब प्राणी, अशी आपणां सर्वांची समजूत आहे. देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कूर्म असतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत इंद्रियें आवरणाऱ्या स्थितप्रज्ञास, अंगें आंत ओढून घेणाऱ्या कासवाची उपमा दिलेली आहे. अशा प्राण्यास भांडण ठाऊक असेल, हें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. परंतु हेंच कासव दुसऱ्या कासवासह हौदांत किंवा कांचेच्या पेटींत ठेविलें, म्हणजे तें चावा घेतें, ढुशा देतें, दुबळ्यास ऊन खाऊं देत नाहीं, आणि प्रसंगीं त्याचें शेपूट किंवा पायाचें बोटहि तोडतें. जव्हार व मोखाडा तालुक्यांतील आमच्या शेतकरीबंधूंस हा विषय शेतीबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. तो तसा नाहीं. हौदांतल्या या भांडणाचा निकाल आपल्या विहिरींत, शेततळ्यांत किंवा ओढ्यांत लावण्याचा मोह होतो, आणि तेथून पुढें तो सर्व गांवाचा प्रश्न होतो. तेव्हां हीं भांडणें कां होतात, तीं थांबवावींत कशीं, आणि काय केल्यानें अधिक नुकसान होतें, याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कासव घरीं येतें कोठून ?

घरीं येणारें कासव दोन वाटांनीं येतें. पहिली वाट आपल्याच शिवारांतली. आषाढांत भातखाचरांची चिखलणी चालू असतां, किंवा उन्हाळ्यांत तळ्याचा गाळ काढतांना, मऊ पाठीचें कासव हातीं लागतें. हें कासव तळीं, ओढे व खाचरें यांत राहतें. पाणी आटूं लागलें म्हणजे चिखलांत स्वतःस गाडून घेऊन पावसाची वाट पाहतें. त्याच्या मागच्या पायांशीं पोटाकडून कातडी झडपा असतात; पाय आंत घेतले कीं त्या मिटतात. दुसरें देशी कासव काळें. त्याची पाठ कठीण असून तीवर तीन उभे कणे दिसतात. मुलें असें कासव घमेल्यांत घालून हौसेनें घरीं आणतात.

याविषयीं आमचें सांगणें थोडक्यांत आहे. देशी कासव घरीं ठेवूंच नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत २०२२ सालीं सुधारणा झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली. मऊ पाठीचें कासव या कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहे. अशा प्राण्यास पकडणें किंवा बाळगणें या अपराधास तीन ते सात वर्षांची कैद व निदान पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. मूल अजाण असेल, पण घर वडिलांच्या नांवावर असतें. गाळांत सांपडलेलें कासव जेथें सांपडलें तेथील जवळच्याच पाण्यांत किंवा ओल्या चिखलांत सोडून द्यावें. तें गोगलगाई, पाण्यांतले किडे व मेलेले जीव खातें; शेतकऱ्याचें तें काम फुकट करितें. वीस नखांच्या कासवानें धनलाभ होतो असें सांगून फसविणारे लोकहि हिंडतात. मऊ पाठीच्या कासवास प्रत्येक पायावर तीन, मिळून बाराच नखें असतात, एवढें ज्यास ठाऊक आहे तो अशांच्या नादीं लागणार नाहीं.

दुसरी वाट शहराकडून येते. मुंबई, ठाणें, वसई येथें कामधंद्यास राहिलेली मंडळी सणास गांवीं येतांना मुलांसाठीं दुकानांतून रुपयाच्या नाण्याहून थोडें मोठें असें हिरवें पिल्लूं घेऊन येतात. त्याच्या डोळ्यामागें तांबडा पट्टा असतो, म्हणून त्यास तांबड्या कानाचें कासव म्हणतात. त्याचें मूळ स्थान अमेरिकेंतील मिसिसिपी नदीचें खोरें. एकटें करमणार नाहीं या कळवळ्यानें बहुधा जोडीच घेतली जाते, आणि भांडणाचें बीज तेथेंच पडतें.

भांडण कां होतें ?

नदीकांठच्या ओंडक्यावर पांच-दहा कासवें ओळीनें बसलेलीं पाहून तीं कळपानें राहणारीं आहेत असें वाटतें. तीं ओंडक्यासाठीं व उन्हासाठीं जमलेलीं असतात, एकमेकांसाठीं नव्हेत. कासवास सोबतीची गरज नाहीं. सोबती त्याच्या दृष्टीनें अन्नाचा व जागेचा वांटेकरी होय.

भांडणाचीं मुख्य कारणें चार. पहिलें अन्न. एकाच कोंपऱ्यांत दाणे टाकले म्हणजे दोघें एकाच घांसावर झडप घालतात व घांसाऐवजीं दुसऱ्याचा पाय तोंडांत येतो. दुसरें कारण ऊन खाण्याची जागा. कासवाच्या अंगांत स्वतःची ऊब नसते; अन्न पचण्यास व पाठ निरोगी राहण्यास त्यास रोज कोरड्यावर येऊन उन्हांत बसावें लागतें. हौदांत दगड एकच असला तर बळकट कासव त्यावर बसतें आणि दुसऱ्यास ढकलून देतें, किंवा त्याच्याच पाठीवर चढून बसतें. तिसरें कारण आकाराचा फरक. मोठ्याच्या तोंडाशीं हलणारी लहानाची बोटें व शेपटी त्यास भक्ष्यासारखीच भासतात. चौथें कारण नरमादीचें. तांबड्या कानाचा नर वयांत आला म्हणजे त्याच्या पुढच्या पायांचीं नखें लांब होतात व शेपूट जाड होतें. मादीच्या तोंडासमोर येऊन तो हीं नखें थरथरवितो. ती त्याची आर्जवाची रीत आहे. परंतु मादीस दूर जाण्यास वाट नसली म्हणजे आर्जवाचा छळ होतो व चावाचावी सुरू होते. दोन नर एकत्र असल्यास तर कायमचें वैर. नर सुमारें दहा सेंटिमीटरांचा होईपर्यंत हें दिसत नाहीं. म्हणूनच ‘दोन वर्षें गुण्यागोविंदानें राहिलीं आणि आतांच काय झालें’ असा प्रश्न पाळणाऱ्यास पडतो. झालें एवढेंच, कीं तीं मोठीं झालीं.

या चारहि कारणांच्या मुळाशीं एकच गोष्ट आहे. नदींत हरलेलें कासव पोहून निघून जातें व तंटा तेथेंच मिटतो. हौदांत हरलेल्यास जाण्यास जागा नसते, आणि जिंकणारास तें पुनःपुन्हां समोर दिसत राहतें. एका दावणीस दोन खोंड आंखूड दाव्यानें बांधून मध्यें एकच पेंढी टाकली, तर त्यांचीं शिंगें भिडण्यास खोंडांचा स्वभाव कारण नव्हे, बांधणाराची अक्कल कारण होय.

एका कासवास पाणी किती ?

आतां हिशेब पाहूं. पाळणारांचा साधारण दंडक असा, कीं पाठीच्या दर इंच लांबीस सुमारें चाळीस लिटर पाणी असावें. नाण्याएवढें आणलेलें पिल्लूं मादी निघाल्यास दहा इंचांची, कधीं त्याहूनहि मोठी होते व वीस-तीस वर्षें जगते. म्हणजे एका कासवास चारशें लिटर, आणि दोन ठेवावयाचीं तर आठशें लिटर. पंधरा लिटरांचा हंडा धरला तर चारशें लिटरांचे सत्तावीस हंडे होतात. कासवाच्या विष्ठेनें पाणी लवकर नासतें, म्हणून आठवड्यास निदान चौथा हिस्सा बदलला पाहिजे. म्हणजे एका कासवामागें दर आठवड्यास सात हंडे.

पावसाळ्यांत धो धो पाऊस पडून चैत्र-वैशाखांत जेथें डोक्यावरून पाणी वाहावें लागतें, जेथें वैतरणेचें पाणी २०१४ पासून मध्य वैतरणा धरणांतून मुंबईस जातें आणि धरणाच्या मोखाडा तालुक्यांतच पाडे टँकरची वाट पाहतात, तेथें हे हंडे कोणाच्या डोक्यावरून यावयाचे, हें कासव विकत घेणारानें आधीं घरांतल्या बायामाणसांस विचारावें. वसईच्या सदनिकेंतील नळाखालीं निभणारी हौस मोखाड्याच्या पाड्यावर निभत नाहीं. पाणी पुरेनासें झालें म्हणजे तें कमी व घाण होतें, जागा आणखी आंखडते, आणि भांडण वाढतें.

लक्षणें व उपाय

शेपटीचें टोक, मागचे पाय व मान यांवर जखमा. पाठीच्या कडेला कुरतडल्याच्या खुणा. एक कासव सतत कोरड्यावर बसून पाण्यांत न उतरणें, किंवा सतत बुडून राहून वर न येणें. एकाचें खाणें सुटून दुसरें फुगत जाणें. हीं दडपशाहीचीं लक्षणें होत. रक्त दिसेपर्यंत थांबूं नये.

उपाय एकच खात्रीचा, तो म्हणजे वांटणी. दोन कासवांस दोन हौद करावे. तें न जमल्यास एका मोठ्या हौदांत अशी भिंत घालावी कीं पलीकडचें कासव दिसणार नाहीं. कांचेची भिंत उपयोगाची नाहीं, कारण कांचेवरहि तीं डोकीं आपटीत बसतात. दुसरा हौद होईपर्यंत दोघांस निरनिराळ्या टोपांत खाऊं घालावें, ऊन खाण्यास दोन दगड ठेवावे, व सांवलीस दोन आडोसे करावे. आपल्याकडे सुकट सहज मिळते म्हणून नुसत्या सुकटीवर कासव ठेवण्याची चूक करूं नये. त्यायोगें ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडून डोळे सुजतात, व न दिसणारें कासव दुसऱ्याच्या तावडींत सांपडतें. मोठ्या कासवास पालेभाजी व पाणवनस्पति अधिक द्याव्या.

जखमी कासव प्रथम वेगळें काढावें. जखम स्वच्छ पाण्यानें धुवून, पातळ चहाच्या रंगाइतकें पाणी मिसळलेलें पोव्हिडोन आयोडीन लावावें. दिवसाचे कांहीं तास त्यास कोरड्या, उबदार जागीं ठेवून मग स्वच्छ पाण्यांत सोडावें. जखम खोल असल्यास पशुवैद्याकडे न्यावें. हळद, तेल, चुना यांचे प्रयोग करूं नयेत. कासवाच्या अंगावर सॅल्मोनेला नांवाचे रोगजंतु असूं शकतात. याच कारणानें अमेरिकेनें १९७५ सालीं चार इंचांहून लहान कासवें पाळण्यासाठीं विकण्यास बंदी केली. म्हणून हात साबणानें धुवावे, हौदाचें पाणी स्वयंपाकाच्या भांड्यांपासून दूर ओतावें, आणि पांच वर्षांखालील मुलांच्या हातीं कासव देऊं नये.

विहीर हा उपाय नव्हे

भांडणारें कासव ‘सुटूं दे बिचारें’ म्हणून विहिरींत किंवा तळ्यांत सोडण्याची बुद्धि होते, आणि त्यांत पुण्यहि वाटतें. प्रथम विहिरीचें पाहूं. बांधीव विहिरींत ऊन खाण्यास कोरडी जागा नसते. तेथें तें कासव कुजत कुजत जगतें. विहिरींत कासव असल्यानें पाणी शुद्ध राहतें ही समजूतहि खरी नव्हे. तें किडे खातें, पण विष्ठाहि त्याच पाण्यांत टाकतें. पिण्याचें पाणी शुद्ध होतें तें ब्लीचिंग पावडरीनें व उकळण्यानें.

तळ्यांत व ओढ्यांत सोडणें याहून वाईट. तांबड्या कानाचें कासव जगांतील अत्यंत उपद्रवी अशा शंभर परकी जीवांच्या यादींत गणलें गेलें आहे. युरोपीय संघानें १९९७ सालीं त्याची आयात बंद केली. फ्रान्समध्यें संशोधकांनीं हीं कासवें तेथील देशी कासवांसह एकाच तळ्यांत ठेवून पाहिलें. त्यांचे निष्कर्ष २००३ व २००४ सालीं प्रसिद्ध झाले. परक्यांनीं ऊन खाण्याच्या चांगल्या जागा बळकाविल्या व देशी कासवें वाईट जागांकडे हटलीं. एकत्र राहिलेल्या देशी कासवांचें वजन घटलें व त्यांपैकीं अधिक मेलीं. हौदांतलें तेंच भांडण तळ्यांत गेलें, एवढाच याचा अर्थ. आपल्या देशांतहि केरळांत त्रिचूरजवळ हीं कासवें मोकळ्या पाण्यांत आढळलीं आहेत. आपल्या ओढ्यांचें पाणी पावसाळ्यांत पिंजाळ, वाघ व वैतरणा या नद्यांकडे धांवतें. आज एका पाड्याच्या शेततळ्यांत सोडलेलें कासव श्रावणांतल्या पुरांत कोठें जाईल तें सांगतां येत नाहीं. शेततळ्यांत मत्स्यबीज सोडणारांनीं तर हेंहि ध्यानांत ठेवावें, कीं बोटभर मासा त्याचें आवडतें खाद्य आहे.

मग नको असलेल्या कासवाचें करावें काय ? ज्या दुकानांतून आणलें तें परत घेत असल्यास तेथें द्यावें. ज्यास खरोखर जागा व पाणी आहे अशा जबाबदार मनुष्यास द्यावें. नाहीं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयांत विचारून ते सांगतील तेथें पोंचवावें. डहाणूस वनविभागाच्या सहकार्यानें चालणारें कासवांचें उपचारकेंद्र आहे, परंतु तें जखमी होऊन किनाऱ्यास लागलेल्या समुद्री कासवांसाठीं आहे. तेथें न विचारतां घरचें कासव नेऊन ठेवूं नये.

ज्यांच्या घरीं एक कासव आहे त्यांनीं दया म्हणून दुसरें आणूं नये. दया करावयाचीच तर त्या एकास पुरेसें पाणी व ऊन द्यावें. ज्यांच्या घरीं दोन आहेत त्यांनीं पहिली जखम होण्याची वाट न पाहतां मध्यें भिंत घालावी. आणि या दिवाळींत गांवीं येणाऱ्या मुलानें कासवाच्या पिल्लाविषयीं विचारलें, तर त्यास सत्तावीस हंड्यांचा हिशेब सांगावा.