दिवसा माल, रात्री मुंबई

मुंबईला माल भरायला जाणे हा आपल्या रत्नागिरीच्या कापड दुकानदाराचा जुना रिवाज आहे. आमचे वालिद एस.टी.ने जात, डोंगरीला गावच्या जमातीच्या खोलीत पथारी टाकत आणि दोन-तीन दिवसांनी गाठी ट्रान्सपोर्टला लावून परत येत. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि ही खेप एका दिवसावर आली. सकाळी मुंबईत उतरायचे, दिवसभर मंगलदास मार्केट आणि मूळजी जेठा मार्केट पालथे घालायचे आणि रात्री अकराच्या सुमारास सी.एस.एम.टी.हून सुटणारी कोकणकन्या पकडायची. लॉजचा खर्च नाही. मात्र संध्याकाळचे चार-साडेचार तास हातात उरतात. या तासांत मुंबईच्या रोषणाईच्या इमारती पायी आणि जवळजवळ फुकट कशा पाहाव्यात, हे आम्ही आज सांगणार आहोत. व्यापाराच्या पानावर सैरसपाट्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. काम आहे, आणि ते आम्ही नुकसान सोसून शिकलो.

काही वर्षांपूर्वी ईदच्या तोंडावर आम्ही ऐंशी ड्रेसचा माल घेतला. कमीज सुती, ओढणी सिंथेटिक, रंग पोपटी. सौदा रात्री आठ वाजता एका गाळ्यात ट्यूबलाइटखाली झाला. कमीज आणि ओढणी शेजारी ठेवून पाहिली, रंगात फरक दिसला नाही. रत्नागिरीला गाठ उघडली आणि गिऱ्हाईक बाईने कापड दुकानाच्या पायरीवर नेऊन उन्हात धरले. कमीज पोपटी, ओढणी पिवळी! त्या बाईंनी जे म्हटले ते आम्ही येथे लिहीत नाही. ऐंशीपैकी पन्नासच्या वर जोड खरेदीच्याही खाली विकावे लागले.

विकणाऱ्याने फसवले असे आम्ही म्हणणार नाही. सुताचा रंग वेगळा, सिंथेटिकचा वेगळा. दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली दोन कापडे एका दिव्याखाली जुळतात आणि दुसऱ्या उजेडात फटकून वागतात. रंगारी लोकांना हे पक्के ठाऊक असते. आम्ही तीस वर्षे गादीवर बसून विसरलो. तेव्हापासून आमचा नियम ठरला: दिवस मावळला की रंगाचा सौदा बंद. नमुन्याचा तुकडा कापून घ्यायचा, गाळ्याबाहेर उन्हात न्यायचा, मग भाव बोलायचा. थोडक्यात, संध्याकाळ मोकळी झाली ती हौसेने नव्हे.

आता चालायला लागू. मंगलदास मार्केटजवळ शेख मेमन स्ट्रीटवर जुम्मा मशीद आहे, कोकणी मुसलमानांच्या पुढाकाराने उभी राहिलेली, पायथ्याशी पाण्याचा तलाव असलेली. मग्रिब तेथे आटोपून बाहेर पडले की पाच मिनिटांवर क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई. ही इमारत १८६९ सालची. १८८२ मध्ये विजेचे दिवे लागलेली हिंदुस्थानातली ही पहिली इमारत, असे सांगितले जाते. फळवाल्यांच्या गर्दीत ते कोणाच्या लक्षात येत नाही. आमच्याही आले नव्हते.

तेथून सरळ सी.एस.एम.टी. गाठावे आणि पहिले काम म्हणजे पिशव्या क्लोकरूममध्ये टाकाव्यात. प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते आणि बॅगेला कुलूप लागते. नुसती सुतळी बांधलेली पिशवी घेत नाहीत, तेव्हा एक छोटे कुलूप रत्नागिरीहूनच न्यावे. स्टेशनबाहेर तेच महाग पडते. मोठ्या गाठी अर्थातच दुपारीच ट्रान्सपोर्टला गेलेल्या असाव्यात.

मोकळ्या हातांनी बाहेर आलात की रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला उभे राहा आणि मागे वळून पाहा. हे स्टेशन १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत बांधले गेले, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुशिल्पकाराच्या आराखड्यावर. २००४ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ. सिंह इंग्रजांचा, वाघ आपला. घुमटावर हातात मशाल घेतलेली बाई उभी आहे. चाळीस खेपा केल्या तरी आम्ही ती मान वर करून कधी पाहिली नव्हती, कारण नजर नेहमी घड्याळावर आणि हमालावर. पाठीमागची महापालिकेची इमारत १८९३ ची आणि तीही याच स्टीव्हन्सची. दोन्ही इमारती एका जागी उभे राहून दिसतात, तिकीट नाही.

येथे आम्हाला एक तक्रार नोंदवायची आहे. या इमारतींवर रंगीत दिवे सोडतात. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला तिरंगा असतो, तो शोभतो. त्या रात्री माणसांचा पूर लोटतो आणि आम्हीही मुलांना घेऊन गेलो आहोत. पण एरवी जांभळा, गुलाबी, निळा कशाला? जांभळ्या दिव्यात दगडाचा रंग दिसत नाही, कोरीव कामही सपाट होते. साधा पिवळसर उजेड खालून पडला की कमान न् कमान उठून येते. मालाचा रंग झाकायचा असेल तर रंगीत दिवा लावावा, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

पुढे दादाभाई नौरोजी रोडने हुतात्मा चौक, पंधरा मिनिटे. १८६४ चे फ्लोरा फाउंटन पाहून काळा घोड्यावरून गेटवेकडे निघावे. गेटवे ऑफ इंडियाचा पाया १९१३ साली घातला गेला आणि उद्घाटन डिसेंबर १९२४ मध्ये झाले. वास्तुकार जॉर्ज विटेट. कमानीतली दगडी जाळी गुजरातच्या जुन्या मशिदींची आठवण करून देते, आणि उजेड त्या जाळीतून येतो तेव्हा खरी कारागिरी कळते. आमच्यातल्या सुतारांनी आणि गवंड्यांनी ती मुद्दाम पाहावी. शेजारी ताजमहाल हॉटेल, १९०३ चे. आत चहा पिण्याची आपली ऐपत नाही, पण बाहेरून पाहायला कोणी अडवत नाही. हे हॉटेल उभारणाऱ्या जमशेटजी टाटांचे पहिले मोठे नाव कापडातच झाले. १८७७ साली नागपूरला त्यांनी एम्प्रेस मिल सुरू केली होती. गेटवेच्या आवारात पोलीस तपासणी असते आणि रात्री ते कधी लवकर बंद होते, म्हणून आठपर्यंत पोहोचावे.

गेटवेहून मागे फिरून ओव्हल मैदानाच्या कडेला यावे. आम्हा कापडवाल्यांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट येथे आहे: विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. उंची २८० फूट, बांधून पूर्ण १८७८. पैसा कोणाचा? प्रेमचंद रायचंद या कापसाच्या दलालाचा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्या मुंबईच्या दारात आल्या आणि भाव आभाळाला भिडले. त्या तेजीत प्रेमचंद शेठने टॉवरसाठी दोन लाख रुपये दिले, अट एकच: नाव आईचे लागावे. आई राजाबाई. ती दृष्टीने अधू आणि धर्माने जैन, दिवस मावळण्याआधी जेवायची. घड्याळाचे टोले ऐकून तिला वेळ कळावी म्हणून मुलाने मनोरा दिला, असे सांगतात. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि मुंबईतले कित्येक पेढीवाले बुडाले. प्रेमचंद शेठही त्यात आपटला. कर्जावर माल उचलून तेजीची वाट पाहणाऱ्या आमच्या काही दोस्तांनी या मनोऱ्याखाली पाच मिनिटे बसून यावे. तेजीत दान केलेले तेवढे टिकले, बाकी सगळे बाजाराबरोबर गेले.

ओव्हल ओलांडले की चर्चगेट, आणि पुढे मरीन ड्राइव्ह. त्या दिव्यांच्या माळेला राणीचा हार म्हणतात. २०१५ मध्ये जुने पिवळे दिवे काढून पांढरे एल.ई.डी. लावले तेव्हा मुंबईत मोठी ओरड झाली आणि पिवळसर दिवे परत लावावे लागले. वीज वाचवायला कोणाची हरकत नव्हती, रंगाला होती. आम्ही ती बातमी दुकानात मोठ्याने वाचून दाखवली. उजेडाचा रंग बदलला की माल बदलतो, हे आता सरकारलाही कळले म्हणायचे. कठड्यावर बसून शेंगदाणे खावेत, साडेनऊला उठावे.

परत सी.एस.एम.टी.ला पायी वीस-पंचवीस मिनिटे. पाय बोलत असतील तर बेस्टची बस आहे. मे २०२५ मध्ये किमान भाडे पाचचे दहा रुपये झाले, तरी टॅक्सीपेक्षा स्वस्तच. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोही चर्चगेटहून सी.एस.एम.टी.ला नेते, पण दिवे पाहायला निघालेल्या माणसाने जमिनीखालून का जावे, हे आमच्या धाकट्या भावाला अजून पटवता आलेले नाही. मागच्या खेपेला आम्ही तिघे होतो. बस, दोनदा चहा, शेंगदाणे आणि क्रॉफर्ड मार्केटजवळ पोटभर जेवण मिळून सातशे रुपयांच्या आत झाले. लॉजवर एका रात्रीत याहून जास्त गेले असते. दोन सूचना: रविवारी बाजार बंद असतो, त्या दिवशी खेप काढू नये, आणि नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधीच उघडते, तेव्हा गणपती किंवा ईदच्या दिवसांतले तिकीट तारखेवर लक्ष ठेवून काढावे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, तेही पाहून घ्यावे.

हे सगळे आम्ही वसुलीला आलेल्या मुंबईच्या एका दलालाला सांगत होतो. तो हसला आणि म्हणाला, “मग तुमच्या रत्नागिरीत रात्री काय दाखवता?” आम्ही त्याला रिक्षात घालून थिबा पॉइंटला नेले. ब्रह्मदेशच्या ज्या राजाला इंग्रजांनी १८८६ पासून येथे ठेवले आणि जो १९१६ मध्ये येथेच वारला, त्याच्या नावाची ही जागा. सूर्य बुडाला, खाली काजळीची खाडी, भाट्याचा पूल, राजिवड्याचे दिवे एकेक लागत गेले. तेथून मांडवीला गेलो. रत्नदुर्गावरच्या दीपस्तंभाचा झोत समुद्रावर फिरत होता. दलाल थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “दिवा थांबून थांबून का दिसतो? वायर ढिली आहे काय?” आम्ही त्याला सांगितले की प्रत्येक दीपस्तंभाची लुकलुकण्याची चाल वेगळी असते, त्यावरून खलाशी बंदर ओळखतो. ही गोष्ट त्याला आवडली. परत रामआळीत आलो तर शटर पडलेली. त्याला घरच्यांसाठी काही घ्यायचे होते, ते राहिले. आमचेही शटर पडलेलेच होते, तेव्हा दोष कोणाला द्यावा?

यंदाच्या खेपेला पुन्हा पोपटीच माल घेतला. कोकणकन्येने पहाटे रत्नागिरीला उतरलो, चहा घेतला आणि नमुन्याचे दोन तुकडे खिशात घेऊन दुकानाच्या पायरीवर ऊन यायची वाट पाहत बसलो. साडेसातला ऊन आले. कमीजेचा तुकडा आणि ओढणीचा तुकडा शेजारी धरला. रंग एकच होता.