महागाईची पाच वर्षे आणि गाडीचे टायर

२०२० च्या टाळेबंदीत गाड्या सोसायटीच्या आवारात महिनोन् महिने उभ्या होत्या. गाडी चाललीच नाही म्हणजे टायर झिजले नाहीत, असे बहुतेक जण धरून चालले. पण टायर उभ्या गाडीतही खराब होतो. हवा उतरत जाते, सगळा भार एकाच जागेवर पडून राहतो आणि उन्हाने कडक झालेल्या रबराला साइडवॉलवर बारीक भेगा पडतात. अनलॉक झाल्यावर नक्षी शाबूत पण रबर कडक झालेले असे कितीतरी टायर पुन्हा रस्त्यावर आले.

बदलायला गेलेल्यांना बाजार फिरलेला दिसला. १२ जून २०२० रोजी केंद्राने टायरच्या आयातीला परवान्याची अट घातली. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकी कच्च्या तेलाचा वायदा शून्याखाली गेला होता; मार्च २०२२ मध्ये, युक्रेन युद्ध पेटल्यावर, ब्रेंट तेल पिंपाला १२० डॉलरच्या पुढे होते. कारच्या टायरमधले सिंथेटिक रबर, कार्बन ब्लॅक, नायलॉन आणि पॉलिएस्टरचे धागे, या साऱ्याचे मूळ तेलातच. त्यातच चिपच्या तुटवड्याने नव्या कारची प्रतीक्षा लांबली. मग जुनीच गाडी आणखी दोन-तीन वर्षे वापरायची तर तिला टायर हवेतच. मागणी परतली, कच्चा माल महागला आणि कंपन्यांनी थोड्या थोड्या अंतराने दर वाढवले.

त्याच सुमारास, फेब्रुवारी २०२२ मध्ये, स्पर्धा आयोगाचा २०१८ चा एक आदेश जाहीर झाला. २०११-१२ मध्ये संगनमताने दर ठरवल्याबद्दल पाच टायर कंपन्यांना मिळून १,७८८ कोटी रुपयांचा दंड त्यात होता. डिसेंबरात अपील न्यायाधिकरणाने प्रकरण फेरविचारासाठी आयोगाकडे परत पाठवले. ग्राहकाला मात्र दरवाढीतला कच्च्या मालाचा वाटा किती, हे ताडून पाहायची सोय तेव्हाही नव्हती, आजही नाही.

या काळात लोकांनी काटकसर कुठे केली, ते मला फार खुपते. चारऐवजी दोनच टायर घ्यायचे, हे समजण्यासारखे आहे. पण नवी जोडी पुढे आणि घासलेली मागे, ही आपल्याकडची सरसकट रीत झाली. इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, म्हणून चांगले टायर पुढे, असा हिशेब. ओल्या घाटात नेमके उलटे होते. पुढची चाके घसरली तर वेग कमी करून गाडी बहुतेक वेळा सावरता येते. मागची सुटली तर गाडी वळणावर गर्रकन फिरते आणि साध्या चालकाच्या हाती काही उरत नाही. म्हणून टायर कंपन्या नवी जोडी मागे बसवायला सांगतात. आंबेनळी किंवा वरंधा घाटातून पावसात जाणाऱ्याला हे दुकानातच कोणीतरी सांगायला हवे.

दुसरी काटकसर जुन्या मालाची. ‘कंपनीचाच आहे साहेब, थोडा जुना स्टॉक आहे, म्हणून कमी लावतो.’ अशा वेळी साइडवॉलवर, रिमच्या जवळ, लांबट चौकटीतले चार आकडे बघावेत. २८२१ म्हणजे २०२१ चा अठ्ठाविसावा आठवडा. काही वेळा ते आकडे एकाच बाजूला असतात, तेव्हा टायर फिरवून बघायला संकोच करू नये. नीट ठेवलेला वर्षभर जुना टायर घ्यायला हरकत नाही. तीन-चार वर्षे गोदामात पडलेला मात्र मी कितीही स्वस्त मिळाला तरी घेणार नाही, दुसऱ्यालाही घेऊ देणार नाही.

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि टायर हा राज्यभर चर्चेचा विषय झाला. कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा, तासन् तास एकसारखा वेग, विदर्भातले ऊन. हवा कमी असेल तर साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, रबर आतून तापत जाते आणि शेवटी फुटते. पुढच्या वर्षी परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली आणि गोटा झालेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या. कारसाठी कायद्याने खाचेची किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. पण तो शेवटचा टप्पा आहे. तिथवर पोचण्याआधीच ओल्या रस्त्यावरची पकड बरीच गेलेली असते.

पुन्हा दराकडे वळू. ऑगस्ट २०२४ मध्ये केरळातले नैसर्गिक रबर २०११ चा उच्चांक मोडून किलोला अडीचशे रुपयांच्या जवळ गेले. दिलासा मिळाला तो २२ सप्टेंबर २०२५ रोजी, टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यावर. करापूर्वी पाच हजारांचा टायर ६,४०० ऐवजी ५,९०० रुपयांना. चारांमागे दोन हजार वाचले. हे पैसे अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि एक पायरी वरच्या टायरसाठी वापरावेत, असे मला मनापासून वाटते.

पण वरची पायरी ओळखायची कशी? २०२२ च्या अधिसूचनेने ओल्या रस्त्यावरची पकड, घरंगळताना होणारा रोध आणि आवाज यांचे किमान निकष सक्तीचे केले, हे मोठे काम झाले. तरी दुकानात शेजारी ठेवलेल्या दोन टायरांतला कोणता पावसात लवकर थांबेल, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. युरोपात नोव्हेंबर २०१२ पासून ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी टायरच्या लेबलवरच छापलेली असते. जिथे चार महिने पाऊस पडतो, तिथल्या गिऱ्हाइकाला ती मिळायलाच हवी, आणि तीही किमतीइतक्याच मोठ्या अक्षरात.