स्लो कुकरमध्ये राजमा लावताय? जरा थांबा!

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी. बोटी वर ओढल्या, तरी जाळी शिवायला घरची माणसं सकाळपासून बाहेरच. स्लो कुकर लावून गेलं की संध्याकाळी गरम जेवण तयार, सोय मोठीच. पण ताईंनो, राजमा कच्चा टाकू नका. त्यातलं विष मंद आचेवर जात नाही, उलट त्याचा जोर वाढू शकतो. अर्धेकच्चे चार-पाच दाणेही उलट्या-जुलाबांना पुरतात. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात गॅसवर अर्धा तास खळखळून उकळा, मगच कुकरात घाला. सोलं मात्र शेवटी. आंबट आधी पडलं तर दाणा टणकच राहतो. सुकी सुंगटंही भाजून तेव्हाच घाला.